रोजच्या निर्णयांत देवाचे मार्गदर्शन ओळखायचे कसे?

सुरंगी (वेंगुर्ले)

सर्वांना नमस्कार. प्रश्न माझ्या घरातून निघाला आहे, परंतु तो एका घरापुरता नसावा असे वाटल्याने येथे मांडत आहे.

आमची हापूसची थोडी कलमे आहेत. काही वर सड्यावर, कातळ फोडून लावलेली, आणि काही खाली वहाळाच्या काठाला, सासऱ्यांच्या वेळची. अलीकडे मोहोर उशिरा येतो, आलेला मोहोर अवकाळी पावसाने काळा पडतो, आणि तुडतुडे व फुलकिडे यांच्या फवारण्यांवर इतका खर्च होतो की वाशीच्या बाजारातून दलालाची विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडते तेव्हा हिशेब मांडण्याची इच्छाच उरत नाही. यजमानांचे म्हणणे असे की बाग आता कराराने द्यावी. रक्कम आगाऊ मिळते, आणि फवारणी, राखण, काढणी हे सगळे करारदाराकडे जाते. धाकटे भाऊजी मुंबईला असतात. त्यांच्या मते करारदार वाटेल तितके कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला घालायचे औषध) घालून दोन-चार वर्षांत झाडांकडून वसुली करून घेतो आणि नंतर फांद्या वाळलेली कलमे आपल्या पदरात टाकून निघून जातो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. कल्टार घालण्याचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतात, त्यामुळे काय ते त्याआधी ठरायला हवे.

बरेच दिवस रात्री तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाल्यावर आम्ही याच हेतूने प्रार्थना करत आहोत. कोणता आवाज ऐकू आला नाही, स्वप्न पडले नाही, बायबल उघडल्यावर बोट ठेवावे अशी ओळ समोर आली नाही. सासूबाई शांतपणे म्हणतात, ‘देव सांगेल.’ त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. परंतु देव सांगतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडते, हे मला कोणी नीट समजावून दिलेले नाही. लग्न, नोकरी, आजारपण अशा प्रसंगी आपण प्रार्थना करतो आणि उरलेला दिवस आपल्याच अकलेने ढकलतो. मग मार्गदर्शनाची गरज केवळ मोठ्या वळणांवर असते काय? आणि एकाच घरात, एकाच प्रार्थनेनंतर, दोन समंजस माणसांना दोन वेगळ्या गोष्टी योग्य वाटत असतील तर त्यातील देवाची कोणती समजावी? कॅथलिक, प्रोटेस्टंट असा भेद न करता सर्वांनी लिहावे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सुरंगीताई, प्रश्न उत्तम आहे आणि तो आमच्या मंडळीतही दर वर्षी निघतो, बहुधा जानेवारीत. आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना झाल्यावर ताटात ठेवलेल्या वचनाच्या चिठ्ठ्यांतून प्रत्येक जण एक चिठ्ठी उचलतो. ती चिठ्ठी पाकिटात, देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या कोनाड्यात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर वर्षभर राहते. या प्रथेत मला वावगे काही दिसत नाही. वचन डोळ्यांसमोर राहणे चांगलेच. परंतु चिठ्ठीवरच्या एका ओळीवरून मुलीचे स्थळ स्वीकारायचे की नाकारायचे हे ठरवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तेथे मात्र मी थांबतो.

सर्वांत जास्त निघणारे वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे. देवाच्या मनात आपल्याविषयी असलेले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हा त्याचा आशय. याच्या आधीचे दहावे वचन चिठ्ठीवर कोणी छापत नाही, कारण त्यात बाबेलमध्ये सत्तर वर्षे पुरी झाल्यावर तुम्हांला परत आणीन असे म्हटलेले आहे. बाबेलला बंदिवासात नेलेल्यांना यिर्मयाने लिहिलेले हे पत्र ज्यांनी प्रथम ऐकले त्यांतील बहुतेक प्रौढ माणसे मायदेशी परतण्याआधीच मरणार होती. त्यापूर्वीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व काही परत मिळेल असे ठासून सांगतो, आणि ते साहजिकच लोकांना अधिक गोड लागले असणार. यिर्मयाने दिलेले मार्गदर्शन फार साधे होते: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

म्हणून माझे मत असे आहे की देव बहुतेक वेळा पुढचा सगळा रस्ता दाखवत नाही, तर त्या रस्त्यावर आज कसे वागायचे ते सांगतो. याकोबाच्या पत्रातही, ज्याला ज्ञान उणे वाटते त्याने ते देवाजवळ मागावे, असे आश्वासन आहे. देण्याचे कबूल केले आहे ते ज्ञान. तयार उत्तर देण्याचे नाही. तुमच्या घरी तुम्ही कोणती गोष्ट मागत आहात, हे एकदा तपासून पाहावे.

पानवेल (वसई)

खाडीकाठ काकांशी मी सहमत आहे, परंतु ‘ज्ञान मागा’ एवढ्यावर सोडल्यास सुरंगीताईंच्या हातात फारसे काही पडत नाही. ज्ञान आले हे ओळखायचे कसे? आमच्या धर्मग्रामात एका साधनेच्या वेळी संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत शिकवली होती. मला तिचा उपयोग होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

1521 मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडल्यामुळे हे सरदार लोयोलाच्या घरी खाटेवर पडून होते. त्यांनी वाचायला शौर्याच्या कथा मागितल्या. घरात निघाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. पडल्या पडल्या ते कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्हींत रंगून जाता येत असे, परंतु पहिल्यानंतर मन कोरडे पडे आणि दुसऱ्यानंतर गोडी मागे उरे, हे पुढे त्यांच्या ध्यानात आले. विचार येतो तेव्हा तो कसा वाटतो यापेक्षा तो निघून गेल्यावर मनात काय ठेवून जातो, इकडे त्यांचे लक्ष लागले आणि पुढची सर्व शिकवण तेथून उभी राहिली.

खुणा मागण्याच्या बाबतीत त्यांचाच एक प्रसंग मला फार आवडतो. प्रवासात भेटलेला एक मूर, म्हणजे मुसलमान, मरियामातेविषयी अनुदार बोलून पुढे निघून गेला. त्याला गाठून त्याच्यावर खंजीर चालवावा की जाऊ द्यावे, हे ठरेना, तेव्हा इग्नेशियस यांनी आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळले तर खंजीर, हमरस्त्याने गेले तर क्षमा. सुदैवाने खेचर हमरस्त्याने गेले. उतारवयात आत्मवृत्त सांगताना त्यांनी हा प्रसंग आपल्या त्या काळातील आंधळेपणाचा नमुना म्हणून सांगितला आहे. बायबल कोठेही उघडून बोट ठेवणे आणि खेचराचा लगाम सोडणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

त्यांच्या शिकवणीतील दोन-तीन गोष्टी तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतात. मन खचलेले, उदास असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. वाशीची पट्टी हातात पडल्याच्या दिवशी बाग देऊन टाकण्याचा निर्णय घेऊ नये, असा त्याचा तुमच्या घरचा अर्थ. मनाला कोणतीच ओढ स्पष्ट जाणवत नसेल, तर देवाने दिलेली बुद्धी वापरून प्रत्येक बाजूचे लाभ-तोटे मांडावेत, आणि आपल्याच परिस्थितीत असलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता, असा विचार करावा. आवाज किंवा स्वप्न आले नाही म्हणून देव गप्प आहे असे ते मानत नाहीत. बुद्धीने शांतपणे ठरवणे हीदेखील त्यांच्या लेखी मार्गदर्शनाचीच एक रीत आहे.

आणि रोजच्या दिवसासाठी रात्रीची उजळणी: आज कोठे कृतज्ञता वाटली, कोठे मन देवापासून दूर सरकले, उद्या काय सुधारायचे. तेर्स झाल्यावर थोडा वेळ पुरतो. मोठ्या वळणावर देवाचा आवाज ओळखायचा तर लहान दिवसांत त्याची सवय असावी लागते, असे मला वाटते.

दीपगृह (कोर्लई)

पानवेल यांच्या लिखाणाला एक पुरवणी, कारण ‘मनाला शांती वाटली म्हणजे देवाचा होकार’ असे समीकरण आपल्याकडे सर्रास केले जाते. योना देवाची आज्ञा मोडून पळाला तेव्हा याफोच्या बंदरात त्याला तार्शीशला जाणारे जहाज तयारच मिळाले, भाड्याचे पैसेही जवळ होते, आणि वादळ सुरू झाल्यावर तो खाली गाढ झोपला होता. दार उघडे, मन शांत, आणि तरीही दिशा उलटी. याउलट गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेला पूर्णपणे मान देणारा प्रभू अत्यंत व्याकूळ होता. शांती मोलाची आहे, परंतु केवळ तिच्यावर सही करू नये.

तांडेलाचा नातू (पाचूबंदर, वसई)

वर बरेच चांगले लिहून झाले आहे. मला प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय पुढे आणायचा आहे. मार्गदर्शनावर बोलताना सहसा सोळावा अध्याय वाचला जातो, ज्यात पौलाला बिथुनियात जाण्यापासून अडवले जाते आणि त्रोवस येथे रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसतो. ते स्पष्ट मार्गदर्शन होते, पण ते आपल्या वाट्याला क्वचित येते. सत्ताविसाव्या अध्यायात मात्र आपल्यासारख्या दर्यावर्दी माणसांचे सगळे जग आहे: नाखवा, तांडेल, खलाशी, वारा, नांगर, आणि कोणाचे ऐकायचे यावरून वाद.

जहाज क्रेत बेटाच्या आडोशाला आहे. उपासाचा दिवस उलटून गेला आहे, म्हणजे शरद ऋतू लागला आहे आणि भूमध्य समुद्रात गलबते हाकारण्याचा हंगाम संपत आला आहे. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात होडी बाहेर काढण्याचे धाडस काय असते हे किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगावे लागत नाही. पौल म्हणतो, या प्रवासात मालाचे, तारवाचे आणि आपल्या जिवांचेही नुकसान होईल असे मला दिसते. शताधिपती, म्हणजे कैदी पौलाला रोमला नेणारा सैन्याधिकारी, मात्र तांडेलाचे आणि तारवाच्या मालकाचे ऐकतो. बहुमतही पुढे जाण्याचेच पडते. इतक्यात दक्षिणेचा मंद वारा सुटतो आणि सर्वांना वाटते, साधले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पौलाचे हे पहिले बोलणे ‘देवाने मला सांगितले’ अशा शब्दांत नाही. याआधी तीन वेळा तारू फुटून समुद्रात पडलेला तो माणूस होता; करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने तसे लिहिलेच आहे. त्याने ऋतू पाहिला आणि अनुभवाने मत दिले. ते मत मुख्यतः बरोबर निघाले आणि एका बाबतीत निघाले नाही, कारण पुढे माल गेला, तारू गेले, परंतु जीव एकही गेला नाही. ते अभय देवदूताकडून आले तेही वादळात अनेक दिवस सूर्य आणि तारे दिसेनासे झाल्यावर, म्हणजे निर्णयाची वेळ केव्हाच टळून गेल्यावर. प्रेषितालासुद्धा निघण्याच्या क्षणी केवळ आपली समज हाताशी होती. सुरंगीताई, तुम्हांला स्वप्न पडले नाही याचे फार वाईट वाटून घेऊ नका, असे मी यावरूनच म्हणतो.

दुसरी गोष्ट अशी की अभय मिळाल्यावर कोणीही हात बांधून बसले नाही. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखे वाटले, तेव्हा त्यांनी वाव घेतली, म्हणजे पाण्याची खोली मोजली: आधी वीस वाव पाणी, थोडे पुढे गेल्यावर पंधरा. खडकावर आपटू या भीतीने त्यांनी तारवाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. काही खलाशी मचव्यातून पळू पाहत होते, तर पौलाने शताधिपतीला बजावले की हे तारवावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. कोणाचाही जीव जाणार नाही हे देवाचे वचन हाती असताना तो असे म्हणतो! मग त्याने सर्वांना खायला लावले, उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलके केले, आणि शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे 276 जण मिलिता बेटावर पोहोचले.

माझे आजोबा तांडेल होते. होडी निघण्याआधी ते कपाळावर क्रूसाची खूण करत आणि लगेच नांगराचा दोर हाताने चाचपत पुढून मागे जात. कोठे पीळ सुटला आहे का, मिठाने कोठे कुजला आहे का, हे पाहत. फादरांनी होडीला आशीर्वाद दिला त्या दिवशीही हे चुकले नाही. यात श्रद्धा कोठे संपते आणि काम कोठे सुरू होते, हे त्यांना कोणी विचारले असते तर प्रश्नच त्यांना कळला नसता.

आपल्या बागेच्या बाबतीत वाव घेणे म्हणजे माहिती काढणे. वेंगुर्ल्यालाच फळ संशोधन केंद्र आहे; कल्टारची मात्रा, झाडाचे वय, घेराचे प्रमाण याविषयी तेथे विचारून या आणि मग प्रार्थनेला बसा.

सुपारी (दापोली तालुका)

मी या धाग्यावर थोडा विरोधी सूर लावणार आहे. राग मानू नये.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धनपासून आमच्या दापोलीपर्यंत माडाच्या आणि पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून तिचे उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षे जातात, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने ती गेलीच. त्यानंतरच्या दिवसांत ज्यांची कौले शाबूत राहिली त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले की देवाने आम्हांला वाचवले, आम्हांला आधीच तशी प्रेरणा झाली होती. कृतज्ञता मला समजते. परंतु शेजारच्या घराचे छप्पर उडाले, तेही प्रार्थना करणारेच घर होते. त्यांना प्रेरणा का झाली नाही, हा प्रश्न त्या वाक्यात न बोलता उभा राहतो, आणि ज्याचे छप्पर उडाले त्याला तो ऐकू येतो.

माझा आक्षेप मार्गदर्शनावर नाही, निकाल पाहून ते मागाहून चिकटवण्यावर आहे. काम साधले तर ‘प्रभूने नेले’, फसले तर ‘आमची श्रद्धा कमी पडली’. अशा हिशेबात देव कधी खोटा ठरत नाही आणि माणूस कधी काही शिकत नाही. सुरंगीताईंनी बाग कराराने दिली आणि पुढच्या वर्षी मोहोर चांगला आला, तर त्यांनी देवाचे मार्गदर्शन चुकवले असे म्हणायचे काय?

पानवेल (वसई)

सुपारी, राग मानण्याचे कारणच नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली, ती इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजता काय, असे प्रभूने विचारले आणि ‘नाही’ असे उत्तरही स्वतःच दिले. निकालावरून माणसाचे देवाशी असलेले नाते मोजू नये, हे यातून स्पष्ट आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न मला उपयुक्त वाटतो. इग्नेशियस यांना यरुशलेममध्ये कायमचे राहणे हीच देवाची इच्छा वाटत होती. 1523 मध्ये ते तेथे पोहोचले, परंतु तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना राहू दिले नाही आणि ते परतले. पुढे 1537 मध्ये सोबत्यांसह पुन्हा जाण्यासाठी ते व्हेनिसला थांबले, तर युद्धाच्या वातावरणामुळे जहाज मिळाले नाही. म्हणून मंडळी रोमला गेली आणि 1540 मध्ये त्यांच्या येशू संघाला (जेझुइट) मान्यता मिळाली. त्याच वर्षी भारतात पाठवण्यासाठी बोबादिया यांची निवड झाली होती. ते आजारी पडले आणि ऐनवेळी फ्रान्सिस झेवियर निघाले, ते 1542 मध्ये गोव्याला पोहोचले. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनाही येशू संघात जायचे होते. तो प्रवेश मिळाला नाही, ते मनिलामध्ये फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 1597 मध्ये नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. त्यांचा शेवट पाहून ‘साधले’ म्हणायचे की ‘फसले’, हे आपली हिशेबाची वही ठरवू शकत नाही. प्रामाणिकपणे शोधून ठरवलेली गोष्ट मनासारखी झाली नाही म्हणजे देवाला चुकवले, असे मी म्हणणार नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

मलाही सुपारी यांचे बहुतांश पटते. निर्गमाच्या तेराव्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांना पलिष्ट्यांच्या देशातून नेले नाही, ती वाट जवळची असूनही, असे लिहिले आहे. लढाई पाहून ते मिसरात माघारी फिरतील म्हणून. हे कारण वाचकाला कळते. उन्हातून चालणाऱ्यांना कोणी ते सांगितल्याची नोंद तेथे नाही. गणनेच्या नवव्या अध्यायात तर मेघ निवासमंडपावर दोन दिवस राहो, महिनाभर राहो की वर्षभर, तो हलेपर्यंत लोक मुक्काम हलवत नसत. तंबूच्या दोऱ्या सोडायच्या की आणखी घट्ट करायच्या, हे संध्याकाळी ठाऊक नसे. मान्नाही त्या त्या दिवसापुरताच. शब्बाथाची गोष्ट वेगळी, एरवी उरवून ठेवला तर त्यात किडे पडत. रोजच्या मार्गदर्शनाविषयी सुरंगीताईंनी विचारले होते, त्याचे उत्तर मला या मान्नात दिसते. आजच्या दिवसाला पुरेल एवढे मिळाले की ते वापरावे, उद्याचे आज मागून साठवू नये.

एका घरात दोन मते याविषयी: रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, करजगावचे. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो 1900 मध्ये घेतला. मधल्या काळात त्या घरावर काय गुदरले, हे मराठी वाचकांना लक्ष्मीबाईंच्याच लेखणीतून ठाऊक आहे. पतीला स्पष्ट दिसलेली वाट पत्नीला त्याच दिवशी दिसली नाही, आणि नंतर दिसली ती तिची स्वतःची म्हणून. एकाला आधी कळले म्हणून दुसऱ्याला ओढून नेऊ नये. यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनी पत्र लिहिले त्यात ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असे म्हटले आहे, पण त्या वाक्यापर्यंत पोहोचण्याआधी पुष्कळ वादविवाद झाला, असेही लूक नमूद करतो. तुमच्या घरात वाद चालू आहे, म्हणजे देव बाहेर गेला आहे असे नव्हे. भाऊजींना मुंबईहून बोलावून घ्या आणि समोरासमोर बसा. फोनवर हे होणार नाही.

सुरंगी (वेंगुर्ले)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सुचवल्याप्रमाणे भाऊजी आले होते आणि मग घरात पाहुण्यांचा स्वयंपाक, पाऊस आणि चर्चा हे एकाच वेळी चालले.

संशोधन केंद्रात यजमान आणि भाऊजी दोघे मिळून गेले. हे एकत्र जाणेच मला अर्धे उत्तर वाटले; याआधी दोघे एकमेकांशी बागेविषयी नीट बोलले त्याला किती काळ लोटला होता, ते मी येथे लिहीत नाही. तेथून आल्यावर वहाळाकडची जुनी कलमे कोणत्याही परिस्थितीत कल्टारसाठी कोणाच्या हाती द्यायची नाहीत, यावर दोघांचे एकमत झाले. सड्यावरची कलमे मात्र यंदा कराराने द्यायची, एकाच वर्षासाठी, आणि औषध कोणते व किती घालायचे याची अट कागदावर लिहून घ्यायची. खालच्या बागेच्या फवारणीचा अर्धा भार भाऊजी उचलतील. पानवेल यांनी सांगितले तसे आम्ही दोन्ही बाजू एका वहीच्या पानावर मांडल्या होत्या, आणि परक्या माणसाला काय सल्ला दिला असता हा प्रश्न भाऊजींनाच विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एक वर्षाची गोष्ट त्यांनीच काढली.

सुपारी, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते की पुढच्या वर्षी सड्यावरचा मोहोर उत्तम आला तरी आम्ही ‘चुकले’ म्हणणार नाही आणि जळून गेला तरी ‘देवाने वाचवले’ म्हणणार नाही, असे आम्ही आताच ठरवून ठेवले आहे. ते पाळले जाईल की नाही, ते मे महिन्यात कळेल.

त्या रात्री तेर्स झाल्यावर सासूबाईंनी विचारले, ‘मगे, देवान काय सांगल्यान?’ यजमान थोडे घुटमळले आणि म्हणाले, ‘एका वर्साचोच करार करूया, असा आमका सगळ्यांका बरा वाटला.’ सासूबाईंनी माळ डबीत ठेवली आणि म्हणाल्या, ‘बरा तर. कागद नीट वाचा नि मगच सही करा.’ सही पुढच्या आठवड्यात आहे.